साहेबाचा कोक

आमच्या फौंड्रीच्या आवारात कोकचे, म्हणजे भट्टीत जाळायच्या कोळशाचे, दोन ढीग असायचे. एक उघड्यावर, रोजच्या भट्टीचा. दुसरा भिंतीच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली, वाऱ्यानं ताडपत्री उडू नये म्हणून कडेनं विटा रचलेल्या. या दुसऱ्या ढिगाला मिस्त्रीपासून बाबांपर्यंत सगळेच 'साहेबाचा कोक' म्हणत. घरात पाहुण्यांच्या कपबश्या वेगळ्या असतात ना, वरच्या फळीवर जपून ठेवलेल्या, आणि घरचे मात्र कान तुटलेल्या कपात चहा पितात, तसंच हे. पक्का, कडक, महागाचा कोक. जळताना धूर जवळजवळ नाहीच. प्रदूषण बोर्डाचा साहेब तपासणीला यायचा त्या दिवशी हा कोक भट्टीत पडायचा. बाकीचं वर्षभर कच्चा कोक आणि तेलकट भंगार जळायचं, आणि तो धूर आम्ही खायचो.

आम्ही म्हणजे आई, बाबा आणि मी. बाबा आधी भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये होते, कायमच्या नोकरीत. रुआबांध्याला क्वार्टर होतं, दवाखाना फुकट, दिवाळीला बोनस. भंडाऱ्याकडच्या आमच्या शेतकरी घरातला प्लांटचा बिल्ला लावणारा हा पहिला माणूस. आणि ती नोकरी यांनी सोडली! म्हणे, मी किती दिवस दुसऱ्याचं लोखंड वितळवू. आजोबांनी बोलणं टाकलं. नोकरी गेली तसं क्वार्टरही गेलं, आणि आम्ही जामुलच्या रस्त्याला बाबांच्या नव्या कारखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायला आलो. पुढं भट्टी, मधे वाळूच्या साच्यांचं अंगण, मागं आमची चूल. आठवड्यातून दोनदा भट्टी लागायची. मशीनचे पाय, गटारांची झाकणं, असलं बिडाचं काम. प्लांटची ऑर्डर मिळाली की बाबा दोन दिवस शीळ वाजवत फिरायचे.

आईला दमा होता. रुआबांध्याला असताना तो थंडीपुरता यायचा आणि संक्रांतीला निरोप घेऊन जायचा. इथं आल्यावर त्यानं मुक्कामच ठोकला. ती बोलायची कमी, पण तिची एक सवय होती. बाबांच्या खांद्यावर कायम पांढरा दुपट्टा असायचा. तो धुऊन ती मागच्या तारेवर घालायची आणि भट्टीच्या दिवशी संध्याकाळी काढून दिव्यापाशी दोन्ही बाजूंनी बघायची. काळे ठिपके. झटकले तर फरफटत जायचे, म्हणून झटकायचे नाहीत, फुंकायचे. आणि फुंकायला लागणारा तेवढा दम तिच्यापाशी नसायचा, मग ती दुपट्टा माझ्यापुढं धरायची. मी फुंकायची.

"अजी, हे पाहा," ती म्हणायची.

"फौंड्री म्हटली का धूर आलाच," बाबा म्हणायचे. "शेतात राहून मातीले भेऊन कसं चालन?"

त्या वेळी आमची राजधानी भोपाळ, त्यामुळं आमचं सगळं तिथून यायचं. हुकूम, कायदा, मुदत, सगळं. हवेचा कायदा आला होता, पण तो बरीच वर्षं कागदावर निजून होता. मग भोपाळलाच ती विषारी वायूची रात्र झाली, आणि त्यानंतर सगळ्या राज्यात साहेबांना खडबडून जाग आली. आमच्यासारख्या लहान कारखान्यांनाही बोर्डाची संमती घ्या म्हणून फर्मान निघालं. संमती नाही तर प्लांटची ऑर्डर नाही. चिमणी उंच करा, धूर धुणारा पाण्याचा कक्ष बसवा.

रविवारी आमच्या अंगणातल्या बाजेवर आसपासचे कारखानदार जमायचे. चहा मी करायची, म्हणून सगळं कानावर पडायचं. कोणाला कायदा नको होता असं नाही हो. भोपाळचं ऐकून सगळेच हादरले होते. पण गणित कोणाचंच बसत नव्हतं. वीज अर्धा दिवस जायची, बिलं अडकलेली असायची, त्यात हे. "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं," बाबा म्हणायचे. आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं. रस्त्यापलीकडे दुसरी फौंड्री होती, माल तोच, ग्राहक तोच. बाबा तिकडं बोट करून म्हणायचे, "मी कक्ष बसवला अन् त्यानं नाई बसवला, तर माहा माल महाग. ऑर्डर त्याले. जो पहिले खर्च करन तो पहिले मरन."

खोटं नव्हतं ते. आज इतक्या वर्षांनी मी तावातावानं सांगत असले, तरी हे मान्य करते. पलीकडचा कारखानदारही आपल्या अंगणात बसून बाबांकडं बोट दाखवत असणार.

पहिली तपासणी होती तेव्हाची गंमत सांगते. गंमतच म्हणायची, हसू तर कोणाला आलं नाही. बाबांनी नोकरी सोडली होती, पण प्लांट काही त्यांच्या अंगातून गेला नव्हता. प्लांटच्या वस्तीत मोठा पाहुणा यायचा म्हटलं की काय व्हायचं, ते भिलाईत वाढलेल्या कोणालाही विचारा. रस्त्याकडेच्या विटांना गेरू-चुना, झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, एखादं म्हातारं कुत्रं जागचं हललं नाही तर त्यालाही फासतील! तपासणी म्हणजे सगळं चकाचक आणि सगळं गप्प, हे बाबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. त्यांनी तीन दिवस कारखाना बंद ठेवला. भंगार हलवलं. अंगण सारवून घेतलं. चिमणीला खालपासून माणसाचा हात पोचेल तिथवर चुना मारला. आईनं पोहे केले, मी रांगोळी काढली. कारखान्याच्या दारात रांगोळी! वरून कीर्तन आतून तमाशा, दुसरं काय.

साहेब जीपमधून उतरला. तिशीतला, बुटका, घामाघूम झालेला माणूस. हातात एक पुठ्ठा, त्यावर पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत चौकोन. तो पुठ्ठा डोळ्यांपुढं धरून चिमणीचा धूर किती काळा ते बघायचं, अशी ती रीत. त्यानं वर पाहिलं. निळंशार आभाळ.

"भट्टी बंद क्यों है?"

"आप आनेवाले थे ना साहब," बाबा हात जोडून म्हणाले. "सफाई करवा ली."

साहेबानं चुन्याकडं पाहिलं, रांगोळीकडं पाहिलं. "मैं धुआँ देखने आया हूँ, चूना नहीं," तो म्हणाला. चिडून नाही, थकून. पोहे मात्र त्यानं खाल्ले. बंद भट्टीला संमती देता येत नाही, चालू असेल तेव्हा पुन्हा येतो, असं सांगून तो गेला. बाबा कितीतरी वेळ चुन्याच्या डब्यापाशी उभे होते.

त्या खेपेची प्लांटची ऑर्डर हुकली आणि पलीकडच्याला गेली. बाबा जेवले नाहीत. रात्रभर कूस बदलत होते, सकाळी उठले ते ठरवूनच. ट्रकमधून पक्का कोक आला, अर्धाच ट्रक, कोपऱ्यात उतरवून ताडपत्री घातली. पुढच्या तपासणीला भट्टी धडधडत होती आणि चिमणीवर कापसाच्या तंतूएवढा धूर. साहेबानं पुठ्ठा धरला, फिकट चौकोनावर बोट ठेवलं, संमती दिली. संध्याकाळी ताडपत्री परत ढिगावर चढली.

त्या दिवशीचा दुपट्टा आईनं बघितला. मी फुंकायला पुढं झाले तर म्हणाली, "राहू दे. आज काहीच नाई."

मग थोड्या वेळानं तिनं विचारलं, "अजी, रोज हाच कोक कावून नाई जाळत?"

"भैताडासारखं नको बोलू. रोज हा जाळला तर महिनाभरात कुलूप लागन."

"नाई, मी आपलं विचारलं," आई म्हणाली आणि कणीक मळायला बसली. मला त्या क्षणी बाबांचा राग आला होता, आणि आईचा त्याहून जास्त. अगं, भांड ना! पण ती भांडायची नाही. भांडायलाही दम लागतो.

असं दोन वर्षं चाललं. साहेब यायच्या आधी कारखानदारांच्या संघटनेतून निरोप यायचा, ताडपत्री निघायची, पुठ्ठ्याचा फिकट चौकोन ठरलेला. मी दुर्गच्या कॉलेजात जायला लागले. बाबांना आईची काळजी नव्हती असं कोणी म्हणेल तर मी त्याचं ऐकून घेणार नाही. औषधं तेच आणायचे, पाठीला तेल तेच लावायचे. पण ते तेल लावून उठायचे आणि भट्टी पेटवायला जायचे. दोन्ही एकाच माणसाचे हात, आणि त्यात काही चुकतंय असं त्यांना वाटत नव्हतं. धंदा धंद्याच्या जागी, दमा दम्याच्या जागी.

त्या थंडीत आईला फार मोठा झटका आला. सकाळची वेळ, धुकं खाली बसलेलं, आणि ऑर्डरची भट्टी लागलेली. धूर वर जाईना. अंगणातच घोटाळत होता. आई उंबऱ्याशी बसली, मग तिला बसताही येईना. मान वर, तोंड उघडं, ओठ निळे. मी बाबांना हाक मारली ती हाक नव्हतीच, किंचाळलेच. बाबा धावत आले, आईला उचलून रिक्षात घातलं, आम्ही दवाखान्यात गेलो. दोन दिवस तिथं होतो. डॉक्टरांनी विचारलं, घर कुठं आहे. बाबांनी सांगितलं. डॉक्टर बाबांच्या काळ्या पडलेल्या नखांकडं बघत राहिले.

आईला घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी परत भट्टीचा दिवस. ऑर्डर अर्धी राहिली होती, ती टाळता येत नव्हती. मी खिडकी लावून घेत होते तर बाबा अंगणात ताडपत्रीच्या विटा काढताना दिसले. मिस्त्री मधे आला. "आज साहेब येऊन राहिला का?"

"नाई," बाबा म्हणाले. "टाक हाच."

त्या दिवशी, आणि पुढच्या भट्टीला, आणि त्याच्या पुढच्या, साहेबाचा कोक आईसाठी जळला. आई बाजेवर उन्हात बसून चिमणीकडं बघायची. त्या दिवसांत तिनं आजारपणातही त्यांच्या आवडीची पाटवडी केली. किती पुरणार तो ढीग! अर्धाच ट्रक तर होता. बघता बघता कोपऱ्यात नुसती भुकटी उरली आणि ताडपत्री घडी होऊन भिंतीवर बसली. नवा कोक घ्यायला त्या महिन्यात हातात काही नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच साहेब आला. या वेळी निरोप नाही, काही नाही, सरळ जीप दारात. भट्टी चालू. कच्चा कोक, तेलकट भंगार, चिमणीतून काळे लोट. बाबांनी लपवालपवी केली नाही. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

साहेबानं पुठ्ठा वर धरलाच नाही. तो आधी कोपऱ्यात गेला, रिकाम्या जागेशी उभा राहिला. "वो तिरपालवाला ढेर कहाँ गया?"

म्हणजे त्याला सगळं माहीत होतं! बाबांचा चेहरा उतरला. "घर में लग गया, साहब," ते म्हणाले.

साहेबानं मागं वळून पाहिलं. दाराशी बाजेवर आई बसली होती, शाल लपेटून, श्वास घशात घरघरत होता. मग जीपच्या बोनेटवर कागद ठेवून तो लिहायला लागला. धूर धुणारा कक्ष तीन महिन्यांत बसवा, नाहीतर भट्टी बंद.

माझं डोकं फिरलं. मी पुढं झाले. "माँ की हालत दिख नहीं रही आपको? ऐसे में नोटिस लिख रहे हैं?"

बाबा मला मागं ओढत होते. साहेबानं मान वर केली नाही. "दिख रही है बेटी," तो म्हणाला. "इसीलिए लिख रहा हूँ."

मला तेव्हा ते पटलं नाही, खरं सांगते. मला एवढंच कळलं होतं की तीन महिन्यांनी आमचा कारखाना बंद होणार, आणि बाबांना आता प्लांटही परत घेणार नाही.

त्यानंतर बाबांनी दोन कामं केली. पहिलं, आईला तिथून हलवलं. दुर्गला मोहन नगरात दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, अंगणात पेरूचं झाड. आईला तिथं रात्री झोप लागायला लागली. कारखान्यामागच्या खोल्या रिकाम्या पडल्या, तर मिस्त्री म्हणाला, मी येतो बायको-लेकराले घेऊन. त्याचं लेकरू तेव्हा जेमतेम रांगत होतं. बाबांनाही बरं वाटलं, राखणीला माणूस झाला.

दुसरं, ते संघटनेच्या लोकांबरोबर भोपाळला गेले. नोटीस एकट्या बाबांना नव्हती, बऱ्याच जणांना होती. तिथं मोठ्या साहेबांपुढं त्यांनी आपली बाजू मांडली. लहान कारखाने, हजारो हातांना काम, वेळ द्या. बाबा म्हणे फार चांगलं बोलले, त्यांच्या बोलण्यानंच काम झालं. सगळ्यांना दोन वर्षांची मुदत मिळाली.

बाबा मोहन नगरात आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. किती दिवसांनी शीळ वाजवत! मला पेढा दिला, घरमालकिणीला दिला. आईच्या हातात पुडाच ठेवला आणि सगळं सांगितलं. भोपाळ, मोठे साहेब, मुदत.

आई ऐकत होती. पेढा तिनं उचलला नाही. "मंग आता भट्टीत कोणता कोक जळते?" तिनं विचारलं.

"कोणता म्हणजे? रोजचाच."

"मागच्या खोलीत मिस्त्रीचं लेकरू आहे."

बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला.

"तो साहेब माह्याकडं पाहून लिहून गेला होता," आई म्हणाली. प्रत्येक दोन शब्दांना ती थांबत होती, म्हणून ते ऐकायला फार वेळ लागला. "लेकराकडं पाहून बी त्यानं तेच लिहिलं असतं. तुमी ते पुसून आणलं, अजी. अन् वरून पेढे."

बाबांनी एकच सांगून पाहिलं, तेही पुटपुटल्यासारखं. जो पहिले खर्च करन, तो पहिले मरन.

"कोणीतरी पहिले मरूनच राह्यलं ना," आई म्हणाली. आणि पुडा बंद करून तिनं तो बाबांच्या मांडीवर ठेवला.

आयुष्यात पहिल्यांदा भांडली होती ती. मी चहा ठेवायच्या निमित्तानं आत गेले आणि रडले. बाहेर बाबा तसेच बसून होते, मांडीवर पुडा घेऊन.

दोन वर्षांची मुदत खिशात असताना बाबांनी पुढच्याच महिन्यात कक्षाचं काम काढलं. पलीकडचा कारखानदार येऊन समजावून गेला, वेडा आहेस का म्हणून. आणि बाबा नेहमी म्हणायचे तसंच झालं, प्लांटची पुढची ऑर्डर पलीकडे गेली. माझं कॉलेज एक वर्ष थांबलं. आईच्या बांगड्या होत्या त्या गेल्या, तिनं स्वतः काढून दिल्या. चिमणीवर पत्र्याचा डबा, आत पाण्याचे फवारे, खाली काळं पाणी साचायला हौद. पहिल्या दिवशी फवारे तुंबले. दुसऱ्या दिवशी पत्रा गळला.

मग बाबांनी आईचीच रीत धरली. भट्टीच्या दिवशी मोहन नगरातून धुतलेला पांढरा दुपट्टा नेऊन मागच्या तारेवर घालायचे. संध्याकाळी घडी करून, पिशवीत ठेवून घरी आणायचे आणि आईच्या बाजेवर पसरायचे. आई चष्मा लावून दोन्ही बाजू बघायची.

"आहेत अजून," ती म्हणायची.

बाबा दुसऱ्या दिवशी फवारे काढून परत बसवायचे. ठिपके कमी होत गेले. आधी मोजता यायचे नाहीत, मग शोधावे लागायला लागले. आई मात्र शोधायचीच. मला वाटायचं, बाई, पुरे आता, एकदा तरी नाही म्हण! ती म्हणाली नाही.

पुढच्या थंडीत ती गेली. स्वच्छ हवेत, पेरूच्या झाडाखाली, सकाळच्या उन्हात. डॉक्टर म्हणाले, छाती आधीच खराब झाली होती, हवा बदलून जे मिळालं ते वरचं समजा. त्या दिवशी भट्टीचा वार होता. बाबा कारखान्यातून तसेच धावत आले होते, दुपट्टा तिकडं तारेवरच राहिला.

संध्याकाळी स्मशानातून आल्यावर मिस्त्रीची बायको आली, कडेवर लेकरू. दाराशी उभी राहून तिनं पिशवीतून दुपट्टा काढला. "तारेवर होता," ती म्हणाली. "बाईसाठी दर भट्टीला नेता ना, म्हणून आणला."

बाबांनी तो घेतला. आईच्या रिकाम्या बाजेवर पसरला, तिचा चष्मा स्वतःच्या डोळ्यांवर चढवला आणि वाकून बघत राहिले. एक बाजू. मग उलटून दुसरी बाजू. इतका वेळ की मिस्त्रीची बायको घाबरून माझ्याकडं बघायला लागली.

"आहेत अजून," बाबा म्हणाले.

तेरावं झालं आणि चौदाव्या दिवशी सकाळी ते पाना-पक्कड घेऊन फवारे खोलायला गेले.